रग्बीपटु जेम्स पीटर्स

खेळाच्या मैदानावर राव आणि रंक सारखेच, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलेलें असतें कीं, तें तपासून पाहावें असें आपणांस कधीं वाटत नाहीं. एका अर्थी तें खरेंहि आहे. चेंडू कोणाची जात विचारीत नाहीं, आणि शर्यतीची दोरी कोणाच्या अंगाचा रंग पाहून पुढें-मागें सरकत नाहीं. परंतु मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी खेळाडूला आणखी एका दारांतून जावें लागतें. तें दार म्हणजे निवड. मैदानावरील नियम पुस्तकांत छापलेले असतात. या दाराचे नियम पुष्कळदां कोठेंच लिहिलेले नसतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय रग्बी संघांत खेळलेला पहिला कृष्णवर्णी खेळाडू जेम्स पीटर्स याची हकीकत आज मी सांगणार आहें, ती याच दाराची आहे. लोक त्याला जिमी म्हणत; आपणहि तसेंच म्हणूं.

रग्बी हा खेळ आपल्यापैकीं फार थोड्यांनीं पाहिला असेल. मुंबईस जिमखान्याच्या मैदानावर तो वर्षानुवर्षें खेळला गेला आहे. तरी आपल्या घरांतून क्रिकेटची चर्चा चालते तशी त्याची चालत नाहीं. म्हणून प्रथम दोन शब्द खेळाविषयीं. यांतील चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. प्रत्येक बाजूस पंधरा गडी. चेंडू हातांत घेऊन धांवण्यास मोकळीक आहे. मात्र हातानें तो पुढें फेंकतां येत नाहीं, बाजूस अथवा मागेंच द्यावा लागतो. चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याला प्रतिपक्षानें कवेंत धरून खालीं पाडावयाचें. ज्यानें हुतुतूंतील धरपकड पाहिली आहे, त्याला या झोंबाझोंबीची कल्पना सहज येईल. मधून मधून दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी खांद्यास खांदा अडकवून, डोकीं खालीं घालून एकमेकांस रेटतात. याला स्क्रम म्हणतात. या रेटारेटींतून पायांनीं मागें सरकविलेला चेंडू एक चपळ गडी उचलतो आणि थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या दुसऱ्या गड्याकडे टाकतो. आतां धांवावें, लाथ मारून चेंडू दूर पाठवावा, कीं पलीकडच्या सोबत्याच्या हातीं द्यावा, याचा निर्णय या दुसऱ्यानें पापणी लवण्याच्या आंत घ्यावयाचा असतो. बळापेक्षां तेथें बुद्धि अधिक लागते. जिमी पीटर्स खेळे तो या जागीं.

त्याचा जन्म ७ ऑगस्ट १८७९ रोजीं मँचेस्टरला लागून असलेल्या सॉलफर्ड या गांवीं झाला. वडील वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णी गृहस्थ, आणि आई इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यांतील गोरी बाई. वडिलांचा धंदा फिरत्या प्राणिसंग्रहांत हिंस्र पशूंना खेळविण्याचा. एके दिवशीं पिंजऱ्यांत सिंहांनीं त्यांना फाडून ठार केलें. आईला संसार चालविणें अशक्य झालें आणि मुलगा सर्कशींत गेला. तेथें तो बिनखोगिराच्या घोड्यावर कसरती करी. अकरा वर्षांचा असतांना त्याचा हात मोडला. मोडक्या हाताचा स्वार सर्कशीच्या काय उपयोगाचा? सर्कशीनें त्याला मागें टाकलें आणि ती पुढच्या गांवीं निघून गेली.

त्या काळीं लंडनमध्यें निराश्रित मुलांसाठीं कित्येक धर्मादाय आश्रम होते. जिमी प्रथम साउथवर्क येथील फेगन यांच्या आश्रमांत आणि नंतर ग्रीनिचच्या अनाथगृहांत वाढला. तेथें त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक, हातांतला धंदा. तो छपाईचें काम शिकला. दुसरी, खेळाचें मैदान. धांवणें, लांब उडी, उंच उडी यांत तो पहिला येई, आणि आश्रमांतील मुलांनीं त्याला आपला कप्तान केलें. घरदार नसलेल्या त्या मुलांत कोणाचा रंग पाहण्याची चैन कोणास परवडणारी नव्हती. जो चांगला खेळे, तो पुढें होई. निवडीचें दार त्याला सताड उघडें मिळालें तें अनाथांच्या त्या आश्रमांत. त्याच्या वाट्याला तें तसें पुन्हां फारसें आलें नाहीं.

१८९८ च्या सुमारास तो ब्रिस्टल शहरीं छापखान्यांत काम करण्यास गेला आणि कांहीं काळानें तेथील मुख्य क्लबाकडून रग्बी खेळूं लागला. त्याचा खेळ पाहून लोक खूष होत. पण क्लबाच्या कार्यकारी मंडळांत नाराजी पसरली. या निवडीच्या निषेधार्थ एका सभासदानें राजीनामा दिला. हा इसम एका गोऱ्या खेळाडूची जागा अडवून बसला आहे, अशी तक्रार स्थानिक वृत्तपत्रांत आली. या तक्रारीचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. पीटर्स वाईट खेळतो, असें कोणी म्हणत नव्हतें. जागा मूळची गोऱ्याची असून यानें ती अडविली, असें म्हणणें होतें. म्हणजे खेळण्यापूर्वींच जागेची मालकी ठरून गेलेली होती.

१९०२ सालीं तो प्लिमथ बंदराच्या गांवीं गेला आणि गोदींत सुतारकाम करूं लागला. प्लिमथ डेव्हन परगण्यांत येतें, आणि डेव्हनमध्यें रग्बी हा केवळ साहेबलोकांचा खेळ नव्हता. गोदींतले कामकरी, खलाशी, शिपाई सगळेच तो खेळत आणि पाहात. तेथें पीटर्सला जॅगो नांवाचा जोडीदार मिळाला. स्क्रममागून चेंडू उचलून देणारा जॅगो, घेणारा पीटर्स. या जोडीच्या बळावर डेव्हनच्या संघानें नांव मिळविलें आणि १९०६ सालीं परगण्यांच्या सामन्यांत अजिंक्यपद पटकावलें. आतां इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची निवड करणाऱ्या मंडळींपुढें पेंच पडला. जोडींतला एक गडी घ्यावा आणि दुसरा वगळावा, तर त्याचें कारण काय सांगावें? वृत्तपत्रें विचारूं लागलीं, लोक बोलूं लागले. आणि अखेर १७ मार्च १९०६ रोजीं, एडिंबरो येथें स्कॉटलंडविरुद्ध होणाऱ्या सामन्यासाठीं जिमी पीटर्सचें नांव यादींत आलें.

या सामन्याशीं आपल्या देशाचाहि एक धागा जुळलेला आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यांतील विजेत्याला मिळणाऱ्या चषकाचें नांव कलकत्ता कप. १८७३ सालीं कलकत्त्यांतील इंग्रज मंडळींनीं रग्बीचा एक क्लब काढला होता. पांच-सहा वर्षांत तो बंद पडला, तेव्हां शिल्लक राहिलेले चांदीचे २७० रुपये त्यांनीं वितळविले, त्यांचा हा चषक घडविला आणि विलायतेस पाठविला. त्याला धरण्यासाठीं तीन नाग आहेत आणि झांकणावर हत्ती आहे. १८७९ पासून त्यासाठीं सामने होऊं लागले. हिंदी रुपयांच्या या चषकासाठीं इंग्लंडचा पांढरा सदरा घालून पहिला कृष्णवर्णी माणूस मैदानावर उतरला. इंग्लंडनें तो सामना ९ विरुद्ध ३ गुणांनीं जिंकला. वंशाच्या कारणानें ही निवड लोकांस रुचलेली नाहीं, असें एका वृत्तपत्रानें आधीं लिहिलें होतें. सामन्यानंतर दुसऱ्या एका क्रीडापत्रानें, सोबत्यांस चेंडू देण्याच्या पीटर्सच्या हातोटीची मुद्दाम वाखाणणी केली. लगेच पांच दिवसांनीं, २२ मार्चला, इंग्लंड फ्रान्सशीं प्रथमच आंतरराष्ट्रीय सामना खेळलें, तें पॅरिस येथें. तो इंग्लंडनें ३५ विरुद्ध ८ असा जिंकला. त्याहि संघांत पीटर्स होता. आतां त्याची जागा पक्की झाली, असें कोणासहि वाटलें असतें.

त्याच वर्षीं शरदृतूंत दक्षिण आफ्रिकेचा संघ प्रथमच ब्रिटनच्या दौऱ्यावर आला. पॉल रूस हा त्यांचा कप्तान. १७ ऑक्टोबर रोजीं प्लिमथ येथें त्यांचा सामना डेव्हनशीं होता. वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक जमले होते. प्रतिपक्षांत एक कृष्णवर्णी गडी आहे असें पाहतांच पाहुणे खेळावयास तयार होईनात. आंत वाद चालला आहे, बाहेर लोक खोळंबले आहेत, अशा स्थितींत वरिष्ठ अधिकाऱ्यानें मध्यें पडून त्यांची समजूत घातली आणि सामना सुरू झाला. पाहुण्यांनीं तो २२ विरुद्ध ६ असा जिंकला. डेव्हनकरांनीं पीटर्सला वगळलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्याविषयीं आदर वाटावा अशीच आहे.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. ८ डिसेंबर १९०६ रोजीं लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर इंग्लंडचा राष्ट्रीय संघ दक्षिण आफ्रिकेशीं खेळला. सामना ३–३ असा बरोबरींत सुटला. इंग्लंडच्या पंधरा गड्यांत जिमी पीटर्स नव्हता. नऊ महिन्यांपूर्वीं इंग्लंडचे दोन सामने जिंकतांना तो संघांत होता. त्याचा खेळ खालावला, असेंहि म्हणतां येण्यासारखें नव्हतें. कारण पाहुणे परतल्यावर, १९०७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें, आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्याविरुद्ध त्याला पुन्हां घेतलें. मग मध्यंतरीं काय झालें? पाहुण्यांची मर्जी राखण्यासाठीं त्याला बाजूस सारलें, असेंच त्याचे चरित्रकार मानतात, आणि घटनांचा क्रम पाहतां दुसरा अर्थ लावणें कठीण आहे.

प्लिमथच्या आणि क्रिस्टल पॅलेसच्या या दोन प्रसंगांची तुलना करून पाहावी, अशी माझी विनंति आहे. प्लिमथ येथें पाहुण्यांनीं उघड नकार दिला. तो अन्याय डोळ्यांना दिसला, म्हणून त्याला उत्तर देतां आलें, आणि शेवटीं पीटर्स खेळला. क्रिस्टल पॅलेस येथें कोणी कांहींच बोललें नाहीं. ज्याची बाजू घ्यावयाची तो माणूस समोरच नव्हता. होती फक्त एक यादी, आणि तींत एक नांव नव्हतें. नसलेल्या नांवासाठीं भांडणार कोण?

मीं आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत मास्तरकी करण्यांत घालविलीं. सामन्यापूर्वी फळ्यावर संघाची यादी लागली कीं मुलें ती कशी वाचतात, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं हसतखेळत शाळेंत येतो. हार त्याला समजते. परंतु अंगीं गुण असून ज्याचें नांव यादींत येत नाहीं, तो मुलगा भांडत नाहीं कीं रडत नाहीं. तो यादी दोनदां वाचतो आणि मुकाट्यानें आपल्या बांकावर जाऊन बसतो. पुढें त्याला खेळण्यास बोलावलें तरी तो पूर्वीच्या उमेदीनें येत नाहीं. पराभवानें माणूस खचत नाहीं इतका तो या मुक्या नकारानें खचतो.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें आहे, असें म्हणून आपणांस हात झटकतां येणार नाहींत. ज्या १९०६ सालीं पीटर्स इंग्लंडकडून प्रथम खेळला, त्याच सालच्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदूंच्या क्रिकेट संघानें युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला. त्या विजयांत ज्याच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता, तो पाळवणकर बाळू अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मला होता. पुण्यास युरोपियन जिमखान्यांत साहेबलोकांना तो तासन्‌तास चेंडू टाकी. पुढें हिंदूंच्या क्लबानें त्याला संघांत घेतलें, तेव्हां त्यानें हातांत घेतलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ सालीं विलायतेच्या दौऱ्यावर त्यानें शंभरांहून अधिक बळी घेतले. हिंदु संघाचें कप्तानपद मात्र त्याला कधींच मिळालें नाहीं. तें त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ सालीं मिळालें. तेथें रंग आणि येथें जात, एवढाच काय तो फरक. मैदानाच्या रेषेआंत दोघांचेंहि कसब मान्य होतें. रेषेबाहेर येतांच दोघांचीहि पायरी निराळी होती.

पीटर्सचा पांचवा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना १८ जानेवारी १९०८ रोजीं वेल्सविरुद्ध झाला. त्या दिवशीं मैदानावर इतकें दाट धुकें पडलें होतें कीं प्रेक्षकांना धड खेळहि दिसत नव्हता. इंग्लंड १८ विरुद्ध २८ असें हरलें. हा सामना झाला ब्रिस्टल शहरीं; ज्या गांवीं त्याच्या निवडीमुळें एका सभासदानें राजीनामा दिला होता, त्याच गांवीं. इंग्लंडच्या यादींत त्यानंतर त्याचें नांव पुन्हां आलें नाहीं.

याच्या एक-दोन वर्षांनंतर गोदींतील अपघातांत त्याच्या एका हाताचीं तीन बोटें तुटलीं. ज्याचा धंदा सुतारकीचा आणि ज्याचा खेळ चेंडू झेलण्याचा, त्याच्या दृष्टीनें हें संकट किती मोठें, तें सांगावयास नको. तरीहि तो पुन्हां मैदानावर उतरला आणि खेळत राहिला. परंतु आतां दुसरें एक दार त्याच्यापुढें बंद झालें. या दाराचा नियम मात्र छापलेला होता.

रग्बीच्या अधिकृत संघटनेचा दंडक असा कीं, खेळाडूनें खेळाबद्दल एक पैहि घेतां कामा नये. हा नियम वरवर पाहतां उदात्त वाटतो. परंतु ज्याला खेळासाठीं कामावर खाडा करावा लागे, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडे. सधन घरच्या पदवीधराला या नियमाची झळ लागत नसे. गिरणींतल्या, खाणींतल्या, गोदींतल्या माणसाच्या चुलीवर त्याचा परिणाम होई. याच प्रश्नावरून २९ ऑगस्ट १८९५ रोजीं उत्तर इंग्लंडमधील बावीस क्लबांनीं हडर्सफील्ड येथें वेगळी चूल मांडली होती. बुडालेल्या मजुरीबद्दल दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास त्यांनीं मुभा दिली. पुढें त्यांचे नियमहि बदलले. १९०६ पासून त्यांच्या संघांत पंधराऐवजीं तेरा गडी आले. आज या खेळाला रग्बी लीग म्हणतात.

१९१२ सालीं डेव्हनमधील कांहीं खेळाडूंवर पैसे घेतल्याचा आरोप आला आणि संघटनेनें त्यांना खेळण्यास बंदी केली. त्यांत पीटर्स होता. तीन बोटें गमावलेला, तेहतीस वर्षांचा हा सुतार मग उत्तरेकडे गेला, आणि बॅरो व सेंट हेलन्स या क्लबांकडून तेरा गड्यांचा खेळ खेळला. १९१४ च्या सुमारास त्याची क्रीडेची कारकीर्द संपली. तो प्लिमथला परतला, आणि तेथेंच २६ मार्च १९५४ रोजीं वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं वारला.

यानंतरचीं दोन सालें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. ज्या नियमानें पीटर्सला बाहेर काढलें, तो पैशाचा नियम १९९५ सालीं रद्द झाला. खेळाडूनें उघडपणें पैसे घेऊन खेळणें मान्य झालें. छापलेला नियम बदलावयास, हडर्सफील्डच्या सभेपासून मोजलें तर शंभर वर्षें लागलीं. आणि न छापलेल्या नियमाचें काय? पीटर्सनंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय रग्बी संघांत दुसरा कृष्णवर्णी खेळाडू आला तो १९८८ सालीं. त्याचें नांव ख्रिस ओटी. त्यानें त्याच वर्षीं आयर्लंडविरुद्ध ट्विकनहॅमच्या मैदानावर तीन ट्राय करून लोकांना वेडें केलें. १९०८ पासून १९८८ पर्यंत ऐंशीं वर्षें होतात. या ऐंशीं वर्षांत कृष्णवर्णी खेळाडूंना मनाई आहे, असा ठराव कोणी केला नव्हता. त्याची गरजच पडली नाहीं. यादी दर वर्षीं तयार होत होती, एवढेंच.

पीटर्सला आद्य म्हणावयाचें तें कशासाठीं? पहिला आला म्हणून तर खरेंच. परंतु पहिल्या येणाऱ्यामागून दुसरे येतात, अशी आपली समजूत असते. एका माणसानें दार उघडलें कीं तें उघडेंच राहतें, असें आपण मुलांना शिकवितों. जिमी पीटर्सचें आयुष्य सांगतें कीं, दार आपोआप मिटतें. तें उघडें ठेवण्यासाठीं आंत बसलेल्या माणसांनींहि हात लावून उभें राहावें लागतें. बाहेरच्यानें आपलें काम चोख केलें होतें. सर्कशींत मोडलेल्या हातानें आणि गोदींत तुटलेल्या बोटांनीं त्याला जें करतां येण्यासारखें होतें, तें सारें त्यानें केलें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांवर कसली ना कसली यादी करण्याचा प्रसंग येतो. कोणी शाळेंत मुलें निवडतो, कोणी कचेरींत माणसें, कोणी मंडळाच्या नाटकांत पात्रें. यादी पुरी झाल्यावर तींत कोण आहे हें आपण पाहतोंच. कोण नाहीं आणि कां नाहीं, हेंहि क्षणभर पाहावें, आणि तें कारण मोठ्यानें उच्चारतां येतें काय, तें स्वतःशीं विचारावें. कलकत्ता कपाचा सामना अजूनहि दर वर्षीं होतो. त्याची बातमी वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यांत कधीं आपल्या नजरेस पडली, तर आपल्याच रुपयांच्या त्या चषकासाठीं १९०६ सालीं एडिंबरोच्या मैदानावर धांवलेल्या जिमी पीटर्सची आठवण आपण करावी.